शाळेची वेबसाइट : सही करण्याआधी



या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर होतं ते सोनारीहून आलेलं पत्र. सोनारी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, परंडा तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, पण जिभेला सवय उस्मानाबादची. पाकिटावर माझ्या हातून अजून जुनंच लिहिलं जातं. आमच्या सासरचं कुळदैवत सोनारीचा काळभैरवनाथ, त्यामुळे गावाचं नाव वाचल्याबरोबर मन बार्शीवरून परंड्याच्या रस्त्याला लागलं. लग्नानंतर पहिल्यांदा दर्शनाला गेले, तेव्हा देवळासमोरच्या एका माकडानं माझ्या हातातली नारळाची पिशवी अशी काही ओढून नेली, की सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, देवाला पोचला म्हणायचं." सोनारीची माकडं आणि चैत्रातली यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी वेगळं काय सांगणार! माकडांचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर पत्र असं. या बाई लिहितात : "ताई, गावातल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर माझं नाव आहे. बैठकीला जाते, चहा घेते, सही करते आणि घरी येते. आता एक माणूस आला आहे. शाळेची वेबसाइट करून देतो, पंधरा हजार रुपये पडतील म्हणतो. समितीच्या सह्या पाहिजेत. मला त्यातलं काही कळत नाही. सही करू का? दुसरं असं, की माझे दीर-जाऊ ऊसतोडीला जातात. आमच्या गावाला कारखाना आहे, तिथे बाहेरच्या टोळ्या येतात आणि आमची माणसं उचल घेऊन दुसरीकडे जातात, असा उलटा कारभार. त्यांचा मुलगा चौथीत आहे. दिवाळी झाली की तोही गाडीत बसतो. वेबसाइट झाली तर त्याला तिकडे वर्गात काय चाललंय ते कळेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता सही करू नका. वेबसाइट वाईट म्हणून नव्हे. ती हवीच. पण जी वस्तू तुम्हाला चार-दोन हजारांत आणि स्वतःच्या ताब्यात मिळू शकते, ती पंधरा हजारांना आणि दुसऱ्याच्या ताब्यात घेऊ नका.

आणि हो, समितीवर तुमचं नाव आहे ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं अशा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं स्पष्ट म्हटलं आहे. शंभरापर्यंत पट असलेल्या लहान शाळेला वर्षाला मिळून मिळून अनुदान मिळतं ते पंचवीस हजाराच्या घरात. त्यातूनच खडू, झाडू, नळाची तोटी आणि विजेचं बिल. त्यातले पंधरा हजार द्यायचे, तर प्रश्न विचारायलाच हवेत. घरात मिक्सर घेताना आपण दुकानदाराला भंडावून सोडतो ना? तसंच हे.

माझी धाकटी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या आधीच्या शाळेत असाच एक गृहस्थ आला होता. शिक्षकांनी वर्गणी काढून बारा हजार दिले. वेबसाइट झाली, छान झाली. वर उडणारी फुलपाखरं, खाली मुलांचे फोटो, फोटोखाली नाव, आडनाव, इयत्ता. गावात पेढे वाटले. वर्ष गेलं. एके दिवशी नणंदेचा फोन : "वहिनी, शाळेच्या नावावर केस उगवायचं तेल विकतायत हो!" झालं होतं असं, की वेबसाइटच्या नावाचं भाडं दर वर्षी भरावं लागतं. ते नाव त्या गृहस्थानं स्वतःच्या नावे घेतलं होतं, दुसऱ्या वर्षी पैसे भरले नाहीत आणि फोनही उचलेना. मोकळं झालेलं नाव तिसऱ्याच कुणी उचललं. मुलांचे फोटो, वर्षभराचे उपक्रम, एका आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची आठवण, सगळं गेलं. कुणाकडे प्रत नव्हती. परवलीचा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. दुकान आपलं, पण कुलूप-किल्ली दुसऱ्याची, असा तो मामला.

म्हणून पुढच्या शाळेत बदली झाल्यावर तिनं ठरवलं की यंदा आपणच करायचं. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, ती माझ्याकडे आठ दिवस राहायला आली आणि आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते केलं. मी कॉम्प्युटरची तज्ज्ञ नाही. मला हिशेबाची वही आणि ई-मेल यापलीकडे येत नव्हतं. तेव्हा जे सांगते ते करून पाहिलेलं सांगते.

आधी समजून घ्या की वेबसाइटला लागतं काय. एक पत्ता लागतो, म्हणजे नाव. एक खोली लागते, म्हणजे सतत चालू असणाऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर थोडी भाड्याची जागा. आणि त्या खोलीत सामान मांडायला फडताळं लागतात. ती म्हणजे सॉफ्टवेअर. त्या गृहस्थाच्या पंधरा हजारांतला मोठा भाग या फडताळांचा आणि मजुरीचा असतो. गंमत अशी, की फडताळं फुकट मिळतात. चोरून नव्हे, राजरोस.

हे कसं? आपल्या मराठवाड्याकडचा येसूर घ्या. एखादी सुगरण येसूर करते आणि पुडी विकते. विचारलं तर बाजरी, हरभरा भाजण्यापर्यंत सांगते आणि मसाल्याचं प्रमाण गिळून टाकते. दुसरी पुडीही देते आणि कृतीही लिहून देते. म्हणते, "करून बघ, तिखट कमी कर, धणे वाढव, शेजारणीलाही दे, फक्त तिलाही कृती दे म्हणजे झालं." सॉफ्टवेअरमध्ये ही दुसऱ्या सुगरणीची रीत सुरू करायचं काम अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली हाती घेतलं. त्याला मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात. १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं, लायनस टोरवाल्ड्सनं, लिनक्स सुरू केलं तेही याच वळणाचं. अहो, वेबसाइट ही वस्तूच मुळी अशी दान मिळालेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेनं ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं, म्हणून आज दारात माणूस येऊन पंधरा हजार मागू शकतो.

आम्ही निवडलं ते वर्डप्रेस. २००३ साली निघालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर जगातल्या दहापैकी चार वेबसाइटी चालवतं. आमच्या दृष्टीनं त्याचा गुण एवढाच, की त्याच्या पाट्या मराठीत करता येतात आणि शिक्षिकेला मोबाइलवरूनही लिहिता येतं. जागा भाड्यानं देणारे बहुतेकजण ते एका बटणावर बसवूनही देतात. नणंदेच्या एका सहकाऱ्यानं मूडलचं नाव सुचवलं होतं. मूडलही मुक्त आहे, खास शिक्षणासाठीच केलेलं. ते २००२ साली बाहेर आणणारे मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. आसपास शाळा नाही, तेव्हा त्यांचं शिक्षण रेडिओवरून झालं. लांबच्या मुलापर्यंत वर्ग पोचवायचा ध्यास अशा माणसाला नसेल तर कुणाला! पण मूडलमध्ये परीक्षा, गुण, नोंदणी असा मोठा संसार आहे. चौथीच्या एका वर्गाला तो म्हणजे चौघांच्या घरात लग्नाची पातेली. वर्डप्रेस पुरे.

आता करायचं कसं. कॉम्प्युटर उघडण्याआधी वही उघडा. आम्ही आधी कागदावर चार चौकोन काढले. पहिला "आजचा वर्ग", दुसरा "ऐका", तिसरा "आमच्या गावचं", चौथा "पालकांसाठी". नणंदेला आणखी आठ सुचत होते : मुख्याध्यापकांचं मनोगत, शाळेचं ध्येय, मान्यवरांच्या भेटी. मी म्हटलं, अगं, ही वर्गातल्या मुलांची वेबसाइट आहे, तपासणीला येणाऱ्या साहेबांची नाही. ती हसली, पण ध्येय काही तिला सुटवेना. शेवटी चौथ्या पानाच्या तळाशी दोन ओळींत बसवलं.

मराठी टंकायचं ते युनिकोडमध्ये. फोनवर मराठी कळफलक असतोच, मुंबईच्या आय. आय. टी.नं केलेला स्वरचक्र नावाचा कळफलकही फुकट आहे आणि बाराखडी माहीत असणाऱ्याला तो पटकन जमतो. मात्र शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर पूर्वी टंकलेल्या फायली असतील तर सावध. त्या जुन्या पद्धतीच्या फाँटात असतात आणि तिथून उचलून वेबसाइटवर टाकल्या की अक्षरांच्या जागी चक्क किडे-मुंग्या दिसतात. आमची पहिली संध्याकाळ यातच गेली. तेव्हा काहीही टाकलं की दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावं. आपल्या फोनवर दिसतं म्हणून सगळीकडे दिसतं असं नाही. अक्षर सुबक हवं असेल तर मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्ता हा फाँट मोफत आणि मुक्त आहे, वाचायला स्वच्छ.

फोटोंचं विशेष लक्षात ठेवा. फोननं काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे चाळीस चढवले की पान उघडता उघडता गावातल्या माणसाचा बराच डेटा खर्ची पडतो आणि तो पुन्हा काही तिकडे फिरकत नाही. गिंप नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. त्यात फोटोची रुंदी हजार ठिपक्यांवर आणली की तो शंभर-दीडशे केबीत बसतो. एका मूळ फोटोच्या जागेत पंचवीस बसतात म्हणा ना. पापड लाटावा तसं आहे, पातळ केला की गठ्ठा मावतो.

सामान कुठलं मांडायचं? इथे बहुतेक शिक्षक एक चूक करतात. पाठ्यपुस्तकाची पानं फोटो काढून चढवतात. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क बालभारतीचे आहेत, आणि ती पुस्तकं त्यांच्याच वेबसाइटवर वाचायला ठेवलेली असतात. नुसता तिकडचा दुवा द्यावा. उलट, ज्यांनी स्वतःहून मुभा दिली आहे असं पुष्कळ चांगलं सापडतं. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, त्या मुळच्या लेखक-चित्रकाराचं नाव देऊन बिनदिक्कत घेता येतात. पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची ते वर्षानुवर्षं आपल्या वेबसाइटवर मांडून ठेवलं आहे, मराठीतही. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमितीचे आकार करणं चौथीच्या मुलाला का आवडणार नाही?

पण खरं सामान गावचंच. "आमच्या गावचं" या पानावर मुलांनी आणलेली माहिती : विहिरी किती, कुठल्या आटतात, आजीच्या लग्नात काय वाढलं होतं. सोनारीसारख्या गावात तर माकडांवरच मुलं आठ दिवस लिहितील. नणंदेच्या वर्गातल्या एका मुलीनं आपल्या आईला ज्वारीच्या जातींची नावं विचारून लिहून आणली. ती नावं आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आईला वाचता येत नव्हतं, पण तिचं नाव खाली आलं ते मुलीनं वाचून दाखवलं.

एक शंका तुमच्या मनात येईलच, की हे शहरातल्या शाळांचे चोचले. तसं नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत २००७ सालीच मुलांच्या हाती लिनक्सवर चालणारे छोटे लॅपटॉप आले होते. आणि तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता नि धडे ऐकायला ठेवले. ते पाहून २०१७ मध्ये सरकारनं सगळ्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड घ्यायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी बरोबरच्या नऊजणांना देऊन टाकला. माढा आणि परंडा हे लगतचे तालुके, म्हणजे हे तुमच्याच बांधाला बांध लागलेलं.

आता तुमच्या पुतण्याचं. इथे मी जरा कठोर बोलणार आहे, राग मानू नका. वेबसाइट ही शाळा नव्हे. पाचटात बसून फोनवर पाहिलेला धडा आणि वर्गात बसून शिकलेला धडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा पहिला प्रयत्न मुलगा मागे कसा राहील याचाच करा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तुमच्या शाळेत यंदा ती मागितली आहे का, हे बैठकीत तुम्हीच विचारा. तुमच्या घरी तो राहू शकत असेल तर जाऊबाईंशी मोकळेपणी बोला. नेतातच म्हणाल, तर जाताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तो जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं.

एवढं करूनही तो फडावर असेल, तर मग वेबसाइटचा उपयोग आहे, आणि तो "ऐका" या पानाचा. नणंदेनं काय केलं? रोज शाळा सुटल्यावर फोनवर दोन मिनिटं बोलायची : आज अपूर्णांक केले, भाकरीचे चार भाग केले, तू तुझ्या भाकरीचे करून बघ; उद्या पान अमुक. ऑडॅसिटी या मुक्त प्रोग्राममध्ये ते कमी वजनात उतरवलं की दोन मिनिटांचं बोलणं अर्ध्या एमबीत बसतं. फडावर फोन असतो तो बापाचा, आणि तो रात्री गाडी भरून झाल्यावर मुलाच्या हाती येतो. चित्रफीत तिथे चालत नाही, रेंजही नसते आणि डेटाही. आवाज चालतो. पहिल्या वर्षी तिच्या वर्गातली पाच मुलं हंगामाला गेली होती. दोघं ऐकत होती, असं तिला परत आल्यावर कळलं. तिघांनी कधी उघडलंच नाही. पाचांत दोन. ती म्हणते, ठीक आहे. त्या दोघांतला एकजण आल्याबरोबर म्हणाला, "बाई, तुम्हाला सर्दी झाली होती ना माघात?"

आता माकडं. तुमच्या गावात छपरावरची वायर किती दिवस टिकते ते तुम्ही मला सांगा! वायर तुटली, वीज गेली, पैसे भरायचे राहिले, कारण काहीही असो, शाळेत नेट बंद असण्याचे दिवस थोडे नसतात. त्यावर उपाय आहे. वर्डप्रेसला सिम्पली स्टॅटिक नावाचं एक मोफत पूरक मिळतं. ते वेबसाइटची सगळी पानं साध्या फायलींच्या रूपात उतरवून देतं. त्या पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या. फायरफॉक्समध्ये उघडल्या की नेटशिवाय वाचता येतात. कॉम्प्युटर जुना आहे, रडत चालतो अशी तक्रार असेल तर त्यावर लिनक्स घालून पाहा. दहा वर्षांचा कॉम्प्युटरही उठून बसतो. केरळातल्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात.

एका बाबतीत मात्र काहीही चालवून घेऊ नका. मुलांचे फोटो आणि नावं. चांगल्या हेतूनं का होईना, "कुमारी अमुक, इयत्ता चौथी, गाव तमुक" असं फोटोखाली छापून आपण ते जगाच्या चव्हाट्यावर लावतो. मुलगी रोज कुठे असते, कोणत्या वेळी सुटते, हेही त्याच वेबसाइटवर असतं. आपल्या पोरीचा फोटो आणि पत्ता आपण एस. टी. स्टँडवर चिकटवू का? २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची संमती घ्यायला सांगितलं आहे. तो टप्प्याटप्प्यानं अंमलात येतो आहे. कायद्याची वाट कशाला पाहायची? आम्ही नियम केला की नाव पहिलंच, आडनाव नाही. चेहऱ्याऐवजी हाताचे, पाठमोरे, चित्रांचे फोटो. गट्टीचा फोटो हवाच असेल तर पानाला परवलीचा शब्द लावायचा, ती सोय वर्डप्रेसमध्ये आहे. पण नीट ऐका, ते कुलूप पानाला लागतं, फोटोच्या फायलीला लागत नाही. तेव्हा जो फोटो बाहेर जायला नको तो मुळात चढवूच नये. आणि खाली अनोळखी माणसांना लिहिता येतं ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

राहिला हिशेब. पत्त्याचं म्हणजे नावाचं भाडं वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर. जागेचं दीड-दोन हजारांपासून पुढे. यात एक मेख आहे : पहिल्या वर्षाचा भाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो आणि दुसऱ्या वर्षाचा बारीक. दुसऱ्या वर्षाचाच विचारा. अजिबात खर्च नको असेल तर वर्डप्रेसऐवजी ती साध्या फायलींची पानं गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट ठेवता येतात, पण तिथे लावून द्यायला पहिल्यांदा जाणतं माणूस लागतं. गावात बारावी-पदवीची मुलं असतात. त्यांतली एखादी पोरगी हाताशी धरा, ती दोन दिवसांत शिकेल.

आणि किल्लीचं. नाव शाळेच्या ई-मेलवर घ्या, शिक्षकाच्या किंवा त्या गृहस्थाच्या नव्हे. परवलीचे शब्द एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, समितीच्या इतिवृत्ताच्या वहीबरोबर कपाटात ठेवा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, त्या होणारच. बाईंबरोबर वेबसाइटही बदलून गेली असं व्हायला नको. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी "निर्यात" करून सगळं लिखाण एका फायलीत उतरवून घ्या. त्या फायलीत फोटो येत नाहीत, हे आम्हाला उशिरा कळलं. फोटो आणि आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नणंदेची गेल्या वर्षी पुन्हा बदली झाली. नव्या बाईंनी पाकीट उघडलं आणि काम पुढे चालू झालं. "ऐका" मधला आवाज तेवढा बदलला.

तर सोनारीच्या ताई, पुढच्या बैठकीत त्या गृहस्थाला समोर बसवा आणि विचारा : नाव कुणाच्या नावावर राहील? दुसऱ्या वर्षी किती पडतील? सॉफ्टवेअर कोणतं, आणि उद्या तुम्ही नसलात तर ते दुसऱ्याला चालवता येईल का? परवलीचे शब्द आज लिहून देता का? मुलांचे फोटो कुणाच्या परवानगीनं लावणार? सगळी उत्तरं कागदावर घ्या. ती देऊन तो चार हजारांत मजुरी करून द्यायला तयार असेल तर करू दे बिचाऱ्याला, त्यालाही पोट आहे. मग सही करा, आणि सहीच्या आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, बाकीच्या बायकांनाही कळेल.

काय झालं ते मला कळवा. आणि पुतण्याचं काय ठरलं तेही.

जागा संपली. लातूरच्या ज्या भगिनींच्या लोणच्यावर पांढरी बुरशी येते आहे, त्यांनी तोवर बरणी हलवू नये आणि ओला चमचा घालू नये. बाकीचं पुढच्या अंकात.